खाडीकडे पाठ करा

नवी मुंबईत राहून गोड्या पाण्यातल्या माशाला गळ घालायचा, तर पहिलं काम खाडीकडे पाठ करण्याचं. आपल्या रोजच्या नजरेत असतं ते सगळं पाणी खारं. वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल, दिवाळ्याची जेट्टी, पाम बीच मार्गालगतची खारफुटी, हे सारं ठाणे खाडीचं राज्य. सेक्टरांमध्ये तलावासारखे दिसतात ते धारण तलावही खरे तलाव नव्हेत. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली येतो म्हणून सिडकोने ते डच धर्तीवर खोदले. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी आत साठतं आणि ओहोटीला बाहेर जातं. माझ्या इमारतीतल्या एका हौशी गृहस्थाने तिथे कणकेचे गोळे लावून रोहूसाठी अख्खा रविवार काढला. संध्याकाळी त्याच्या गळाला एक चिंबोरी लागली, तीही दोरी कुरतडून गेली.

गोडं पाणी पूर्वेला आहे. माथेरानच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवरून गाढी, धावरी, पाताळगंगा, उल्हास आणि पेज या नद्या उतरतात. सगळ्या तासा-दीड तासाच्या टप्प्यात आहेत. नवशिक्या माणसाचं पहिलं वर्ष यांतलं एकच पाणी ओळखण्यात गेलं तर ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. दर रविवारी नवी जागा शोधणारे लोक मी बरेच पाहिले. त्यांच्याकडे फोटो भरपूर असतात, मासे कमी.

यातलं कुठलं पाणी आपलं, हे आधी ठरवू. मोरबे धरण धावरी नदीवर, चौकजवळ आहे. ते नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आणि आपल्या नळाला येतं ते त्याचंच पाणी. तिथे परवानगीशिवाय काठावर जाण्याचा विचारही करू नका. गाढीवरचं देहरंग धरण पनवेलचं पाणी पुरवतं, त्यालाही तोच न्याय. पावसाळ्यात या धरणाच्या गाढेश्वर परिसरात गर्दीमुळे आणि बुडण्याच्या घटनांमुळे बंदीचे आदेश निघतात, ते दरवर्षी तपासून घ्या. धरणाखालची गाढी उन्हाळ्यात तुटक होते आणि जागोजागी कोंड उरतात. त्या कोंडांच्या कडेला गावची पोरं काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, घेऊन बसलेली दिसली, तर त्यांच्याशी आधी गप्पा मारा. कुठल्या दगडाखाली वाम असते आणि कुठे पाय रुततो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक असतं.

माझं आवडतं पाणी पाताळगंगेचं. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र 1915 सालचं. घाटमाथ्यावरच्या वळवण, शिरोटा, लोणावळा या तलावांचं पाणी नळांतून खाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. म्हणून ही नदी मे महिन्यातही वाहती असते. पेज नदीचंही तसंच. भिवपुरीच्या केंद्रातून सुटलेल्या पाण्यामुळे कर्जतकडे ती बारमाही आहे. वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी उन्हाळ्यात माशांना हवंच असतं. पण याच पाण्याचा एक धोका आहे. ढग नाही, पाऊस नाही, तरी पाणी चढतं. वर जनित्रं सुरू झाली की अर्ध्या तासापूर्वी ज्या खडकावर तुम्ही डबा उघडून बसला होतात, तो बेट होतो. काठावर एक दगड खूण म्हणून ठेवा आणि अधूनमधून त्याकडे बघत राहा. दगडाचा तळ भिजला की लगेच उठा. मासा ओढत असला तरी उठा.

खाली रसायनीकडे नदी कारखान्यांच्या पट्ट्यातून जाते. तिथून पुढचा मासा मी खात नाही. तळोज्याच्या कासाडी नदीबद्दल तर बोलायलाच नको. 2017 च्या ऑगस्टमध्ये त्या भागात निळी झालेली कुत्री साऱ्या जगाने पाहिली. रंगाच्या पाण्याने कुत्र्याची कातडी निळी होत असेल, तर त्या पाण्यातल्या माशाच्या पोटात काय असेल याची परीक्षा आपल्या ताटात घेऊ नये.

गावतळी आणि खाजगी तळी यांचा विषय वेगळा. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात तळी भरपूर आहेत, आणि प्रत्येक तळ्याला मालक आहे. तो कधी माणूस असतो, कधी ग्रामपंचायत, कधी ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था. मोठ्या जलाशयांचे मासेमारीचे हक्क अशा संस्थांना दिलेले असतात. त्यांनी पैसे मोजून बोटुकली सोडलेली असते, म्हणजे तिथला कटला हा कुणाचं तरी शेतातलं पीक असतो. संस्थेच्या माणसाला विचारलं तर बहुतेक वेळा किलोमागे दर ठरवून किंवा रोजची थोडी रक्कम घेऊन गळ टाकू देतात. विचारलं नाही तर जे ऐकावं लागतं ते ऐकण्यासारखं नसतं.

ज्यांना रीतसर सदस्य होऊन, पावती फाडून बसायचं आहे, त्यांच्यासाठी ऐरोलीच्या पुलापलीकडे पवई आहे. 1891 साली बांधलेल्या त्या तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची संघटना स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे, आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. पवईत मगरी आहेत, हे लक्षात असू द्या. पाण्यात पाय सोडून बसण्याची ती जागा नव्हे.

आता सामान. दुकानात गेलात की दुकानदार तुम्हाला तीन दांड्या, दोन रिळं आणि एक पेटी भरून रंगीत प्लास्टिकचे मासे विकेल. त्यातलं फारसं काही लागत नाही. साडेसहा-सात फुटांची मध्यम ताकदीची एक दांडी, 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रील, त्यावर दहा-बारा पौंडाचा तंगूस, सहा ते बारा नंबरचे काही गळ, थोडं शिसं, दोन तरंगे, गळ काढायची चिमटी आणि एक कात्री. तिलापियापासून मध्यम रोहूपर्यंत एवढ्यावर निभतं. मरळीसाठी वेगळी दोरी लागते, ते पुढे येईल.

रिळाचा ड्रॅग म्हणजे माशाने जोर लावला की दोरी किती सहज सुटावी याची चावी. ती दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याला बसवतात. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलोच्या आतबाहेर, तेव्हा ड्रॅग दीड किलोच्या आसपास हवा. त्यासाठी तराजू लागत नाही. दीड लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोरीला बांधा आणि दांडी उचला. बाटली जमिनीवरून हलतच नसेल आणि दोरी भराभर सुटत असेल तर ड्रॅग सैल आहे. बाटली उचलली गेली आणि दांडीला हलका झटका देताच दोरी सुटू लागली, तर बरोबर बसला. झटका देऊनही दोरी सुटत नसेल तर जास्त आवळलाय. हे काठावर नाही, घरच्या गॅलरीत करून बघायचं.

आणि गाठ. चार वर्षांपूर्वी पाताळगंगेवर एका सकाळी माझ्या दोरीला जे काही लागलं, ते मी आजवर धरलेल्या कुठल्याही माशापेक्षा मोठं होतं. तीन-चार झटके, मग एकदम दोरी हलकी. ओढून पाहिली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं. दोरी तुटली असती तर टोक सरळ राहिलं असतं. वेटोळं म्हणजे गाठ सरकली. गडबडीत मी ती कोरडीच आवळली होती. तंगूस कोरडा आवळला की घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. गाठ ओढण्याआधी तोंडात धरून ओली करा, सावकाश आवळा, टोकाला दोन-तीन मिलिमीटर दोरी ठेवा आणि मग हाताने जोरात ओढून बघा. तुटायची असेल तर ती तुमच्या हातात तुटू दे.

सुरुवात तिलापियाने करा, त्यात कमीपणा नाही. मूळचा आफ्रिकेचा हा मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि आता तो मिळेल त्या पाण्यात आहे, थोड्या मचूळ पाण्यातही. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची वीण जगते आणि देशी माशांची जागा आटते. दहा-बारा नंबरचा लहान गळ, गांडुळाचा तुकडा, तरंग्याखाली दोन-अडीच फूट दोरी. तरंगा बुडायची वाट बघू नका, आडवा सरकला तरी हलका झटका द्या. या माशावर हात बसला की तरंग्याची भाषा कळू लागते. तिलापिया परत पाण्यात सोडण्याची उदारता मात्र दाखवू नका. मीठ-हळद लावून रव्यात तळला की चांगला लागतो.

रोहू, कटला आणि मृगळ यांची गंमत अशी की तिघं एकाच तळ्यात राहतात पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तळी करणारे म्हणूनच तिघांना एकत्र सोडतात. गळवाल्याला याचा अर्थ सरळ आहे. काय लागत नाही याची तक्रार करण्याआधी तुमचं आमिष कुठल्या मजल्यावर लटकलंय ते बघा. आठ फूट पाण्यात तळाला टेकलेल्या गोळ्याकडे कटला ढुंकून बघणार नाही. तरंगा दर वीस मिनिटांनी फूटभर वरखाली करून पाहा. ज्या खोलीवर पहिला चावा आला, तिथेच दिवसभर राहा.

चारा घालण्याची सवय इथे लागते. भुईमुगाची पेंड तव्यावर खमंग भाजायची, कुटायची, त्यात भाताचा कोंडा आणि थोडं चण्याचं पीठ मिसळून पाण्याने ओलं करायचं. मूठ वळली पाहिजे पण पाण्यात पडताच फुटली पाहिजे. लाडवासारखा घट्ट गोळा झाला तर तो तळाशी जाऊन तसाच पडेल. दोन-तीन संध्याकाळी एकाच जागी, एकाच वेळेला चार-पाच मुठी टाका आणि मगच गळ टाका. मासा वेळ पाळतो. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हे जमत नसेल तर गावातल्या एखाद्याला चारा घालायला सांगा आणि त्याला त्याच्या कष्टाचे पैसे द्या. गळावर त्याच पेंडीचा किंवा कणकेचा मऊ गोळा, बोराएवढा. हिंग, मध, मेथी, व्हॅनिला, प्रत्येकाचं आपलं गुपित असतं. मी बरेच वास वापरून पाहिले आणि माझं मत असं, की जागा बरोबर असेल तर वास कुठलाही चालतो आणि जागा चुकली तर अत्तरही चालत नाही.

पेंडीच्या मोठ्या गोळ्याभोवती सात-आठ गळांचा झुपका बांधण्याची पद्धत आपल्याकडे फार चालते. मासा गोळा चोखतो आणि एखादा गळ कुठेतरी रुततो, ओठात, कल्ल्यात, कधी पोटात. मासे जास्त मिळतात हे खरं, पण ज्याला सोडायचं तो वाचत नाही. एक गळ ठेवा, फार तर दोन. रोहूचा ओठ मांसल आणि मऊ असतो, त्यामुळे पहिल्या धावेला दांडी उंच ठेवून त्याला पळू द्या. ज्याला तो लगेच काठावर हवा असतो, त्याच्या हातात ओठाचा तुकडा येतो.

आता मरळ. खरी शिकार म्हणावी असा मासा आपल्या भागात हाच. सापासारखं डोकं, लांब देह, तोंडभर दात, आणि स्वभाव दबा धरणाऱ्या मांजरासारखा. मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेते. ठराविक वेळाने तिला वर यावंच लागतं, आणि इथेच ती आपला पत्ता देते. तळ्यावर पोचल्यावर पहिला अर्धा तास दांडी उघडूच नका. सावलीत बसा आणि पाण्याकडे बघा. शेवाळाच्या किंवा कमळवेलीच्या कडेला "चप्प" असा एक ओला आवाज येईल, गोल वलय उठेल, दोन बुडबुडे. रोहू उडी मारतो तेव्हा धबकन आवाज होतो, मरळीचा आवाज ओठ मिटल्यासारखा. तिथून साधारण दहा पावलांत ती पुन्हा वर येईल. दोनदा वर आली की तिची दिशा कळते.

तिच्यासाठी हल्ली पोकळ रबरी बेडूक मिळतात. गळ पाठीला चिकटलेले असल्यामुळे ते शेवाळात अडकत नाहीत. पूर्वी लोक जिवंत बेडूक लावत. ते करू नका, आपल्याकडचा मोठा हिरवा-पिवळा बेडूक कायद्याने संरक्षित आहे, आणि रबरी बेडूक त्याच्याइतकाच चालतो. दोरी मात्र विणलेली हवी, तीस-चाळीस पौंडाची, कारण लागलेली मरळ पहिल्याच झटक्यात शेवाळात डोकं खुपसते आणि तंगूस ताणला जातो. बेडूक वलयावर टाकायचा नाही. वलयाच्या पलीकडे सहा-सात फूट टाकायचा आणि तिच्या डोक्यावरून आणायचा. दोन-तीन छोटे झटके, मग थांबा. खरा बेडूक सलग पोहत नाही, तो दम घेतो. बऱ्याचदा मरळ त्या थांबलेल्या क्षणीच येते.

आणि इथे नव्वद टक्के लोक चुकतात, मीही कितीतरी वर्षं चुकलो. पाणी उसळतं, तोंड दिसतं, छातीत धडधड होते आणि आपण झटका मारतो. बेडूक उडून आपल्याच टोपीवर येतो. मरळ आधी भक्ष्य धरते, मग तोंड मिटून खाली वळते. उसळी दिसली की दांडीचं टोक पाण्याकडे झुकवा, मनात "एक... दोन" मोजा, दोरी सरकू लागली की मग पूर्ण खांद्यातून ओढा. त्यानंतर दया नाही. तिला खाली जाऊ द्यायचं नाही, सरळ खेचत आणायची. ती काठावरही शांत राहत नाही, आणि हवेत श्वास घेणारी असल्यामुळे लवकर थकतही नाही. बोट तोंडात घालू नका.

मरळीसाठी फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला. पाणी आटतं, ती काठाजवळ येते. सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. पावसाळ्यात मात्र तिला सोडा. जून-जुलैत तुम्हाला एखाद्या डबक्यात लाल-नारिंगी पिल्लांचा ताटाएवढा घोळका वर-खाली होताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात आणि घोळक्यात पडलेल्या कुठल्याही वस्तूवर तुटून पडतात. काही लोक नेमका तिथेच बेडूक टाकतात. मासा हमखास मिळतो. पिल्लं मात्र दिवसभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. याला मी गळाची कला म्हणत नाही.

हीच गोष्ट वलगणीची. पहिल्या जोराच्या पावसात नदी-ओहोळांतले मासे अंडी घालायला भातखाचरांत चढतात आणि गावोगाव लोक पाग, टोपल्या, काठ्या घेऊन उतरतात. वलगणीच्या माशांची चव आणि त्या रात्रीची मजा मला माहीत आहे, आगरी गावांत वाढलेल्या कुणालाही विचारा. गावकऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या रीतीला शहरातून गाडी घेऊन जाऊन नाक मुरडण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण आपण हौसे आहोत, पोटासाठी जात नाही. समुद्रात यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते. तेवढेच दोन महिने आपलाही गळ माळ्यावर राहिला तर काही बिघडत नाही.

शिवड्याबद्दल थोडक्यात. मोठा, बिनखवल्याचा, रुंद तोंडाचा, रात्री फिरणारा मासा. लहान मासा किंवा कोंबडीचं आतडं लावून खोल डोहाच्या कडेला तळाशी टाकतात. दात असे की दोरीच्या टोकाला वीतभर तार हवीच. रात्री एकट्याने जाऊ नका. मागूर लागला आणि तो भलामोठा, राखाडी, चट्टेपट्टे असलेला असला तर तो बहुधा आफ्रिकी असेल, लोक ज्याला थाई मागूर म्हणतात. त्याच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साठे नष्ट करायला सांगितले होते. तो दुसऱ्या पाण्यात सोडू नका.

जिताड्याशिवाय रायगडातला लेख पुरा होत नाही. जन्म खाऱ्या पाण्यात, वाढ गोड्यात. म्हणून पेण-अलिबागकडे भातशेतीच्या कडेच्या तळ्यांत जिताड्याची पिल्लं सोडून वर्षानुवर्षं पोसतात. साहेबाकडे अडलेलं काम जिताडा पोचवला की सुटतं, असा विनोद त्या भागात अजून चालतो. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, तेव्हा सगळ्यात मोठा तोच अंड्यांचा. तळ्याच्या मालकाशी बोलून जा. जिवंत कोळंबी किंवा चमकता कृत्रिम मासा, दोरीच्या टोकाला दोन फूट चाळीस-पन्नास पौंडाचा जाड तंगूस. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, बारीक दोरी तिथे कापली जाते आणि बोटही. धरताना खालचा जबडा धरा, कल्ला कधीच नाही.

खडशीचं, म्हणजे महाशीरचं, नाव काढलं नाही तर जुनी मंडळी रागावतील. साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याच्या नावातलं "खुद्री" इथल्या लोकांच्या तोंडून उचललं. हेन्री सलिव्हन थॉमसचं "द रॉड इन इंडिया" 1873 चं, त्यानंतर इंग्रज गळवाल्यांच्या स्वप्नात हाच मासा. पुढे धरणं, सुरुंग आणि विष यांनी तो मागे सरला. लोणावळ्याच्या वळवण तलावाशी टाटांनी 1970 च्या दशकापासून त्याची पैदास सुरू केली, तिथली पिल्लं देशभर गेली. तुमच्या गळाला खडशी लागलीच तर ती पाण्यातून पूर्ण वर न काढता सोडा. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. प्रवाहाकडे तोंड करून तिला पाण्यात आधार द्या, ती स्वतः शेपटी मारून सुटेल तेव्हाच हात काढा. गळाची काट्याजवळची जिभली आधीच पकडीने दाबून ठेवली असेल तर हे सारं दहा सेकंदांचं काम.

हा मासा शिकायचा असेल तर दांडी घरी ठेवून महाडजवळच्या वाळणकोंडीला किंवा वाडा तालुक्यातल्या तिळसेश्वराला जा. देवाचे मासे म्हणून तिथे त्यांना कुणी हात लावत नाही. काठावरून चुरमुरे टाका आणि बघा. मोठा मासा मुख्य धारेत उभा राहत नाही, धारेच्या कडेला, दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वाहत आलेलं टिपून परत जागेवर येतो. नदीवर गळ कुठे टाकायचा याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे मिळत नाही.

थोडी जिवाची काळजी. हल्लीच्या दांड्या कार्बनच्या असतात आणि त्यातून वीज वाहते. वर विजेच्या तारा असतील तिथे दांडी फिरवू नका, गडगडाट ऐकू आला की आडवी ठेवून लांब व्हा. पायाला जखम असताना पावसाळी पाण्यात उतरू नका, लेप्टोचा ताप आपल्याकडे दरवर्षी येतो. भिजून आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा. महाडकडे सावित्रीच्या काठी मगरी आहेत. कासव गळाला लागलं तर ओढाताण करू नका, वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

कुणी सुरुंग, विषारी भुकटी किंवा विजेची तार पाण्यात टाकताना दिसलं, तर एकट्याने अडवायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. सुरुंग आणि विष 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, महाराष्ट्राचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय कायदा 1960 चा आहे. पोलिसांना आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला जागा आणि वेळ सांगा. डोहात एकदा विष पडलं की आमच्यासारख्यांचे पुढचे कित्येक हंगाम कोरडे जातात.

तेव्हा येत्या रविवारी ठाण्याहून खोपोली लोकल धरा. सोबत टोपी, पाणी आणि एक वही, एवढंच. पाताळगंगेच्या काठाने सकाळी दोन तास चाला, कुठे चप्प आवाज आला, कुठे पाणी किती वाजता चढलं, सावली कुठल्या बाजूला पडते, ते लिहा. दांडी पुढच्या खेपेला. आणि परत येताना काठावर सापडलेला तुटका तंगूस गोळा करून आणा, बगळ्यांच्या पायात तो फार अडकतो.